भिंतीतली अलमारी कुणाची?

गोंदियात आता नवं घर म्हटलं की मिस्त्री बेडरूममध्ये टेप घेऊन शिरतो आणि दोन प्रश्न हमखास विचारतो. पहिला, "अलमारी भिंतीभर घ्यायची ना?" म्हणजे या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, फरशीपासून स्लॅबपर्यंत. आणि दुसरा, "पल्ल्याला आरसा लावून देऊ? खोली डबल दिसन." दोन्ही प्रश्नांना घरातले बहुतेक जण लगेच हो म्हणतात. खोली दहा बाय दहाची असते, कपडे वाढलेले असतात, आणि मोबाईलवर पाहिलेल्या प्रत्येक छोट्या बेडरूमच्या फोटोत अशीच आरशाची अलमारी असते.

मला या दोन प्रश्नांमागचा इतिहास शोधावासा वाटला. आपल्या भागात कपडे भिंतीत कसे गेले, भिंतीतून बाहेर कसे आले, आणि आता पुन्हा भिंतीत का चाललेत? आणि आरसा, जो एकेकाळी तळहाताएवढा होता, तो दाराएवढा कसा झाला? हे शोधता शोधता एक तिसरा प्रश्न समोर आला, जो मिस्त्री विचारत नाही आणि आपणही विचारत नाही: ही अलमारी नक्की कुणाची?

जाड भिंतीचे दिवस

आधी शब्दांकडे बघू. पुण्या-मुंबईकडे 'कपाट' म्हणतात, आपण विदर्भात सर्रास 'अलमारी' म्हणतो. कपाट हा संस्कृत शब्द, आणि त्याचा मूळ अर्थ दाराची फळी. केदारनाथचे 'कपाट' उघडले असं हिंदी बातम्यांत येतं, ते याच अर्थाने. म्हणजे मराठीत वस्तूला नाव मिळालं ते तिच्या दारामुळे. आतली जागा भिंतीची होती, माणसाने फक्त तिला दार लावलं. अलमारी मात्र परदेशातून आली. पोर्तुगीज 'आर्मारियो' या शब्दावरून ती हिंदुस्थानी भाषांत शिरली. त्याचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे त्याचा अर्थ हत्यारं, अवजारं ठेवायची जागा असा होतो.

झाडीपट्टीतलं जुनं घर डोळ्यांसमोर आणा. मातीच्या भिंती, वर कवेलू, लाकूड जंगलातलं. दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंतीत कोनाडा ठेवणं सोपं होतं. भिंत उभी करतानाच तेवढी जागा मोकळी सोडायची. त्याला लाकडी चौकट आणि दोन फळ्या लावल्या की झालं फडताळ. यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. फडताळ खोलीतली एक इंचही जागा घेत नसे. भिंत मुळातच जाड होती, फडताळ त्या जाडीतच मावायचं. आज ज्याला आपण 'फिटेड वॉर्डरोब' म्हणतो तो खऱ्या अर्थाने आपल्याकडे होता, फक्त त्यात कपडे फारसे नसत. तिथे दिवा, औषधाच्या बाटल्या, हिशेबाच्या वह्या, लोणच्याची बरणी असे.

कपड्यांची व्यवस्था वेगळी होती. रोजचे कपडे दांडीवर किंवा खुंटीवर. ठेवणीतले संदुकीत. लुगडं, धोतर, उपरणं, साडी ही सगळी घडीची वस्त्रं. घडी घातली की ती एकावर एक बसतात, त्यांना टांगायची गरज नसते. ही घडीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे दहा बाय दहाच्या खोलीत ती आपल्याला कामाला येणार आहे.

या घरांना लाकूड मिळत होतं तेही एका व्यवस्थेतून. आपला हा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि मध्य प्रांतात होता, मालगुजारीचा. गावकऱ्यांना घराला, अवजारांना लागणारं लाकूड जंगलातून आणायचे जे हक्क होते त्यांना निस्तार म्हणत. १९५१ साली मालगुजारी संपली आणि मालगुजारांची जंगलं सरकारकडे गेली. १९५६ साली भंडारा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात, आणि १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला. या सगळ्या काळात सागवान होतं तिथेच राहिलं, पण ते घरापर्यंत येण्याचा रस्ता लांब आणि महाग होत गेला.

तळहाताएवढा आरसा

आता आरशाकडे. 'हातच्या कांकणाला आरसा कशाला' ही म्हण आपण सहज वापरतो. पण ज्या काळात ती रूढ झाली त्या काळात आरसा ही काही घरोघरची वस्तू नव्हती. युरोपात सतराव्या शतकात व्हर्सायच्या राजवाड्यात ३५७ आरशांचं दालन बांधलं गेलं, तेव्हा ते श्रीमंतीचं प्रदर्शन होतं. आपल्याकडेही वाड्यांमधले आरसेमहाल त्याच कारणासाठी होते. त्या काळचे आरसे काचेमागे कथलाचा पातळ पत्रा आणि पारा लावून होत. पाऱ्याची वाफ कारागिरांच्या शरीरात जाई आणि त्यांना आजारी पाडी.

१८३५ साली युस्टुस फॉन लिबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा थर बसवण्याची रासायनिक रीत शोधली. पुढच्या काही दशकांत ती कारखान्यांत आली, पारा मागे पडला आणि आरसा स्वस्त होत गेला. त्याच शतकात फ्रान्समधल्या मध्यमवर्गीय बेडरूममध्ये दारावर लांब आरसा असलेलं कपाट आलं. म्हणजे आज मिस्त्री जे 'नवीन डिझाइन' म्हणून दाखवतो त्याचं वय दीडशे वर्षांहून जास्त आहे.

गोंदियाला रेल्वे आली ती १८८० च्या दशकात, नागपूर-छत्तीसगढ मार्गाच्या रूपाने. १८९१ साली बंगाल-नागपूर रेल्वेची नागपूर ते आसनसोल वाट पूर्ण झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जबलपूरकडे जाणारी छोटी गाडी सुरू झाली. पुढे नागभीड-चांद्याकडची वाटही इथेच जोडली गेली. धान, विडी आणि लाकडाच्या या जंक्शनवर एकीकडून कलकत्त्याचा, दुसरीकडून मुंबईचा माल पोचू लागला. काच ही अशी वस्तू की ती बैलगाडीच्या रस्त्याने फार लांब जाऊ शकत नाही. तिला रूळ लागतात.

महाराष्ट्रात स्वदेशीच्या काळात काचेचे कारखाने निघाले. तळेगावला पैसा फंडाचा कारखाना १९०८ साली, कऱ्हाडजवळ ओगलेवाडीचा १९१६ साली. ओगल्यांचे प्रभाकर कंदील खेडोपाडी गेले. पण कंदिलाची काच फुंकून करणं वेगळं आणि आरशासाठी मोठी, सपाट, लाट नसलेली काच करणं वेगळं. त्यामुळे साध्या घरातल्या बाईच्या वाट्याला आरसा आला तो फणेरपेटीतला. लाकडी पेटी, झाकणाच्या आतल्या बाजूला छोटा आरसा, खाली फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी. त्यात चेहरा दिसायचा, तोही कपाळ ते हनुवटी. भांग सरळ पडला, कुंकू मध्यभागी लागलं, एवढं बघायचं आणि झाकण लावायचं.

पुरुषाची गोष्ट वेगळी होती. त्याला केशकर्तनालयात मोठा आरसा मिळाला, पानठेल्यावर मिळाला. पान लावून होईपर्यंत तो केस सारखे करून घेई. बाई पानठेल्यावर थांबत नव्हती. स्वतःला डोक्यापासून पायापर्यंत बघायची सोय तिला घरात यावी लागली, आणि ती आली लोखंडी अलमारीच्या दारावरून.

आंदणात आलेलं लोखंड

अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपांचा कारखाना काढला. पाच वर्षांनी तिजोऱ्या, आणि १९२३ साली पोलादी कपाटं. कुलूप, तिजोरी, कपाट हा क्रम सहज आलेला नाही. तिन्हींचं काम एकच, किल्ली ज्याच्या हातात त्याचीच वस्तू. पुढे या कपाटाची लोकप्रियता एवढी वाढली की आपल्याकडे कुठल्याही लोखंडी अलमारीला लोक 'गोदरेज' म्हणू लागले, मग ती गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याने पत्रा वाकवून बनवलेली का असेना.

तिचं माप साधारण ठरलेलं: साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फुटाच्या आसपास खोल. आत चार-पाच कप्पे, मधे एक लॉकर, आणि एका पल्ल्यावर लांब आरसा. ही खोली दीडच फूट का? कारण घडी केलेली साडी दीड फुटाच्या कप्प्यात व्यवस्थित बसते. ही अलमारी आपल्या कपड्यांना ओळखत होती.

आणि ती लग्नात यायची. पलंग, भांडी, गादी यांच्याबरोबर आंदणात. मांडवात ती एका बाजूला उभी केलेली असे आणि वऱ्हाडाबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा मेटॅडोरमध्ये दोरीने बांधून सासरी जाई. आरसा फुटू नये म्हणून त्यावर चादर गुंडाळत. माझ्या आईची अलमारी अशीच आलेली आहे. हिरवट राखाडी रंग, हँडल थोडं ढिलं, आरशाच्या खालच्या कोपऱ्यात काळे डाग. तिच्या लॉकरची किल्ली आजही आईजवळच असते. एकत्र कुटुंबात स्वतःची खोली सोडाच, स्वतःचा पलंगही नक्की नसताना, साडेसहा फूट बाय तीन फूट एवढी जागा तिची होती. तिथे तिच्या साड्या, तिचे चार दागिने, तिच्या माहेरची पत्रं, आणि घरखर्चातून वाचवलेले पैसे.

याला सोनेरी रंग देण्याची मला इच्छा नाही. ही अलमारी बापाच्या खिशातून येई, अनेकदा कर्जातून, अनेकदा मागणीवरून. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली आला तरी 'आम्ही काही मागितलं नाही, तुम्ही हौसेनं द्या' या वाक्याने तो कायदा वळसा घालून पार केला गेला. १९८५ साली नियम आला की लग्नातल्या भेटवस्तूंची लेखी यादी ठेवावी: वस्तू कोणती, अंदाजे किंमत किती, दिली कुणी, आणि खाली सह्या. किती लग्नांत अशी यादी झालेली तुम्ही पाहिली आहे? मी एकाही नाही.

तरी एक गोष्ट खरी. त्या अलमारीला चार पाय होते. ती जशी आली तशी परत जाऊ शकत होती. १९८५ सालीच सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं की स्त्रीधन ही संपूर्णपणे बाईची मालमत्ता आहे. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी ते सांभाळलं म्हणून ते त्यांचं होत नाही, आणि मागूनही परत दिलं नाही तर तो फौजदारी विश्वासघात ठरू शकतो. न्यायालयासमोर अशा वेळी काय ठेवता येतं? जे मोजता येतं, उचलता येतं, दाखवता येतं ते. दागिने, भांडी, पलंग, अलमारी.

फेविकॉल, सनमायका, प्लाय

मग अलमारी भिंतीत का गेली? याची कारणं बेडरूममध्ये कमी आणि बाहेर जास्त आहेत.

पहिलं कारण भिंत. मातीची दोन फुटी भिंत गेली, विटांची नऊ इंची आली, आतल्या पार्टिशनला तर साडेचार इंची. सिमेंट काँक्रीटच्या खांबांवर घर उभं राहतं, भिंत फक्त पडद्यासारखी. साडेचार इंचांत फडताळ बसत नाही. भिंतीने कपडे ठेवायची जागा गमावली, आणि ती भरून काढायला भिंतीच्या पुढे लाकडी खोकं उभं करावं लागलं. जुनं फडताळ खोलीची जागा घेत नव्हतं, नवी अलमारी पूर्णपणे खोलीतून जागा घेते.

दुसरं कारण लाकूड. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात आदेश दिला. वनभूमीवरची विनापरवानगी कामं थांबली, त्यात आरागिरण्याही आल्या, आणि ईशान्य भारतातून लाकूड बाहेर पाठवण्यावर बंधनं आली. देशभर भरीव लाकूड महागलं, आणि प्लाय, पार्टिकल बोर्ड, एमडीएफ यांचं राज्य सुरू झालं. हरियाणातल्या यमुनानगरसारख्या ठिकाणी शेतात लावलेल्या पॉपलर आणि निलगिरीपासून प्लाय बनू लागलं. आपल्या शेजारी चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान देशातलं उत्तम मानलं जातं. अयोध्येच्या राममंदिरासाठीही २०२३ साली बल्लारपूरहून ते पाठवलं गेलं. पण त्याच जंगलाच्या सावलीत राहणाऱ्या माणसाच्या बेडरूममध्ये दुसऱ्या राज्यातल्या निलगिरीचं प्लाय असतं. मी याला दुर्दैव म्हणणार नाही. नवेगाव-नागझिरा २०१३ साली व्याघ्र प्रकल्प झाला, आणि उभं सागवान हे चिरलेल्या सागवानापेक्षा जास्त लोकांच्या उपयोगाचं आहे.

तिसरं कारण सुताराचं तंत्र. भरीव लाकडाला साल आणि कूस असते, तो सांधा जमवायला वर्षं लागतात. प्लायला ते लागत नाही. १९५९ साली बाजारात आलेल्या फेविकॉलने सरसाचं भांडं उकळायचं काम संपवलं. सनमायकाने पॉलिशचं काम संपवलं. फेविकॉलच्या फर्निचर बुकांनी डिझाइन ठरवण्याचं काम संपवलं, कारण घरमालक पानावर बोट ठेवून 'हे' म्हणू लागला. आज ते बोट मोबाईलच्या स्क्रीनवर असतं, एवढाच फरक. सुताराचा दर दिवसाच्या मजुरीवरून स्क्वेअर फुटावर आला, आणि स्क्वेअर फुटावर दर असला की भिंतीभर अलमारी सुचवण्यात त्याचा फायदा असतो.

चौथं कारण काच. १९५९ साली इंग्लंडमधल्या पिल्किंग्टन कंपनीने फ्लोट ग्लासची पद्धत जाहीर केली. वितळलेली काच वितळलेल्या कथलावर तरंगत पुढे जाते आणि आपोआप दोन्ही बाजूंनी सपाट होते. भारतात हे कारखाने १९९० च्या दशकात आले, अंकलेश्वरला, आपल्याकडे तळोजाला, आणि २००० साली तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला. त्यानंतर दाराएवढा, लाट नसलेला आरसा मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. एकदा कथील पाऱ्याबरोबर काचेमागे होतं, आता ते काचेखाली आहे.

दहा बाय दहाचं गणित

आता खोलीत येऊ. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे राहण्याची एकच खोली असेल तर ती किमान ९.५ चौरस मीटरची हवी, साधारण आपली दहा बाय दहा. दोन खोल्या असतील तर दुसरी ७.५ चौरस मीटरची चालते, रुंदी किमान २.१ मीटर. या दुसऱ्या खोलीच्या २.१ मीटरच्या भिंतीला दोन फूट खोल अलमारी लावली, तर खोलीची सहाव्या हिश्शाची जमीन संपते.

दोन फूटच का? कारण कोट. हँगरवर टांगलेल्या कोटाचे खांदे साधारण अठरा इंच असतात, त्यात दाराची आणि हवेची जागा धरली की बावीस ते चोवीस इंच होतात. म्हणजे जगभरच्या वॉर्डरोबची खोली युरोपातल्या पुरुषाच्या खांद्यावरून ठरली आहे. आपल्या घरात कोट किती? लग्नाचा एक. बाकी साड्या, सलवार-कमीज, टी-शर्ट, जीन्स यांतलं बहुतेक घडी घालून राहतं. सोळा इंच खोल कप्प्यात ते सगळं मावतं, आणि सहाव्या हिश्शाऐवजी नववा हिस्सा जातो. टांगायचे कपडे असतीलच तर एक अरुंद भाग तेवढा खोल करावा, किंवा दांडी आडवी न लावता समोरच्या दिशेने बाहेर ओढायची लावावी. लोखंडी अलमारीला हे ठाऊक होतं, प्लायच्या अलमारीला आपण ते विसरायला लावलं.

दहा फुटी खोलीत सव्वासहा फुटी पलंग आणि पायथ्याशी दोन फूट अलमारी ठेवली तर मधे पावणेदोन फूट उरतात. दीड फुटाचा पल्ला उघडला की उभं राहायला जागा नाही. म्हणून सरकते पल्ले आले. पण सरकत्या पल्ल्याला रूळ लागतो, तो आणखी तीन-चार इंच खातो, आणि एका वेळी निम्मीच अलमारी उघडते.

त्यात आरसा. काचेचं वजन सोपं आहे: एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडीला अडीच किलो. सात फूट बाय तीन फुटाच्या पल्ल्याला पाच मिलिमीटरचा आरसा लावला तर नुसता आरसाच चोवीस किलोंचा होतो, प्लाय वेगळं. कब्जे सैल होतात ते उगाच नाही. आरशामागे सुरक्षेची फिल्म लावून घ्यावी, म्हणजे फुटला तरी तुकडे जागेवर राहतात. आणि चिकटवताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू देऊ नका. त्यातलं ॲसिड मागच्या चांदीच्या थराला खातं. न्यूट्रल सिलिकॉन मागा. आपल्याकडच्या पावसात ओलसर भिंतीला चिकटून बसवलेल्या आरशाच्या कडा अशाही लवकर काळ्या पडतात.

आणि मुळात एवढा आरसा लागतो का? सरळ उभ्या आरशात स्वतःला पूर्ण बघायला आपल्या उंचीच्या निम्मा आरसा पुरतो, तुम्ही कितीही जवळ किंवा लांब उभे राहा. पाच फूट दोन इंच उंचीच्या मुलीला दोन फूट सात इंच. फक्त तो योग्य उंचीवर हवा: वरची कड डोळे आणि डोक्याचा माथा यांच्या मध्यावर. बाकीचा आरसा खोली मोठी दिसण्यासाठी असतो. पलंगासमोर आरसा नको असं अनेक घरांत मानतात, तिथे लोकांनी छान तोड काढली आहे. आरसा पल्ल्याच्या आतल्या बाजूला. उघडला की आरसा, मिटला की लाकूड. फणेरपेटीच्या झाकणाची हीच तर रीत होती.

चार पाय गेले तेव्हा

आता तो तिसरा प्रश्न. लोखंडी अलमारीला चार पाय होते. भिंतीतल्या अलमारीला पाय नाहीत. तिला पाठही नसते बऱ्याचदा, भिंतच तिची पाठ असते.

१८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आजही लागू आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात जमिनीला 'जोडलेलं' म्हणजे काय हे सांगितलं आहे: जे मुळाने रुजलं आहे, उदाहरणार्थ झाड, जे रोवलं आहे, उदाहरणार्थ भिंत, आणि अशा रोवलेल्या गोष्टीच्या कायमच्या उपभोगासाठी तिला जे जोडलं आहे ते. आठवं कलम म्हणतं की घर हस्तांतरित झालं की त्याबरोबर कुलपं, किल्ल्या, गज, दारं, खिडक्या आणि कायमच्या वापरासाठी पुरवलेल्या बाकीच्या गोष्टीही जातात. प्रत्येक प्रकरण न्यायालय वेगळं तपासतं, वस्तू किती घट्ट बसवली आणि कशासाठी बसवली हे बघतं. पण भिंतीत स्क्रू मारून, खोलीच्या मापाने, स्लॅबपर्यंत बांधलेली अलमारी वस्तू कमी आणि घर जास्त ठरण्याची शक्यता मोठी आहे. भाडेकरूला १०८ वं कलम एक सवलत देतं: ताबा सोडण्याआधी त्याने स्वतः जोडलेल्या गोष्टी काढून नेता येतात, जागा होती तशी करून द्यायच्या अटीवर. सुनेसाठी असं कलम नाही.

समजा, मुलीच्या बापाने लग्नात लोखंडी अलमारी न देता सासरच्या नव्या बेडरूममध्ये आरशाची भिंतभर अलमारी करून दिली. खर्च लाख-दीड लाख. बिल सुताराने साध्या कागदावर, जावयाच्या नाहीतर व्याह्यांच्या नावाने दिलं. घर सासऱ्यांच्या नावावर. चार वर्षांनी ती माहेरी परत आली. फ्रिज येईल, वॉशिंग मशीन येईल, पलंगही येईल. अलमारी उखडली तर उरतील कापलेलं प्लाय आणि फुटका आरसा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा तिला त्या घरात राहण्याचा हक्क देतो, घर तिच्या नावावर नसलं तरी, आणि स्त्रीधन परत करण्याचा आदेश देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना देतो. पण भिंतीचा भाग झालेली वस्तू परत कशी करायची? जास्तीत जास्त तिची किंमत मागता येईल, आणि त्यासाठी कागद लागेल.

स्त्रीधन ही हिंदू कायद्यातली कल्पना आहे हेही लक्षात ठेवायला हवं. आपल्या जिल्ह्यातल्या गोंड, हलबी अशा अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा सरसकट लागू होत नाही, तिथे रूढी बघितली जाते. मालमत्ता हस्तांतरणाचा आणि कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा मात्र सगळ्यांना आहे.

यावर कुणी म्हणेल की अलमारी बसवताना घटस्फोटाचा विचार कोण करतं? बरोबर. लोखंडी अलमारी घेतानाही कुणी करत नव्हतं. पण त्या वस्तूच्या घडणीतच ती सोय होती, विचार न करता मिळालेली. नव्या वस्तूच्या घडणीत ती नाही, म्हणून आता विचार करावा लागतो.

मार्ग फार अवघड नाहीत. अलमारी सलग न बांधता दोन-तीन वेगळ्या खोक्यांत बनवून घेता येते, प्रत्येकाला स्वतःची पाठ आणि स्क्रूने जोडणी. दिसायला ती भिंतभरच दिसते, पण उतरवता येते. बदली होणाऱ्या नोकरदारांनाही हे सोयीचं. ओल्या भिंतीपासून ती इंचभर सुटी राहते, वाळवी लागली तर कळते. बिल पक्कं घ्यावं, जिने किंवा जिच्या माहेरच्यांनी पैसे दिले तिच्या नावाने. आणि एक कप्पा कुलपाचा असावा. आजकालच्या अलमाऱ्यांत आरसा दाराएवढा असतो, पण लॉकर पुष्कळदा नसतो. बघायची जागा वाढली, ठेवायची खाजगी जागा कमी झाली.

याहून मोठा मार्ग म्हणजे भिंतच तिची करणं. अलमारी जर घराचा भाग होणार असेल, तर घराच्या कागदावर तिचं नाव हवं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलात हा नियम आहे. पंचवीस चौरस मीटरचं ते छोटं घर, स्वयंपाकाची जागा धरून, सर्वसाधारणपणे नवरा-बायको दोघांच्या नावे मंजूर होतं. म्हणजे सरकारी घरकुलातली बाई कागदावर भिंतीची मालकीण आहे, आणि शहरात आरशाच्या अलमारीसमोर उभी असलेली तिची बहीण अनेकदा नाही.

आपल्याकडे स्टीलचा डबा घेतला तरी दुकानदाराकडून त्यावर नाव टाकून घ्यायची पद्धत आहे. साधी वाटीसुद्धा कुणाच्या लग्नात कुणी दिली ते तिच्या कडेवर वाचता येतं. लाख-दीड लाखाच्या अलमारीवर कुणाचंच नाव नसतं. ते टाकायची जागा गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ आहे, शहरात मिळकत पत्रिका. अलमारीचं माप घ्यायच्या आधी तो कागद एकदा काढून बघा.